खाजकुयलीची दुपार
ओल्या शेणाचा वास आला की मसुरे गावच्या काजूबागेतली ती दुपार आठवते. माझं लग्न नुकतंच झालं होतं. मुलाने स्वतः पसंत केलेली सून, म्हणून सासूबाई माझ्याशी बोलत नसत. दोघी मुकाट काजू वेचत होतो. वारा सुटला आणि वर लोंबणाऱ्या खाजकुयलीच्या शेंगांवरची कुसळं माझ्या मानेवर, हातांवर पडली. अंगाची नुसती आग आग झाली. मी पाण्याच्या कळशीकडे धावले, तशा त्या ओरडल्या, "पाणी लावू नको गो! खाजवू नको! हात दी माका!" माझे दोन्ही हात त्यांनी एका मुठीत गच्च धरले आणि दुसऱ्या हाताने वाटेवरचं शेण मानेवर, हातांवर थापलं. ते सुकून पोपड्यांसकट कुसळं निघेपर्यंत हात सोडले नाहीत, आणि माझ्या माहेरचं एकेक विचारत राहिल्या. आता कॉलेजात जाणारी माझी लेक सांगते, त्या कुसळांतलं एन्झाइम चेतापेशीवर लोंबणाऱ्या एका दोऱ्याचं टोक कापतं. उरलेला दोरा तिथेच आत वळून पेशीला जागं करतो, आणि एकदा कापलेलं पुन्हा जोडता येत नाही. सासूबाईंचा अबोलाही त्या दुपारी असाच तुटला. त्या जाईपर्यंत तो काही परत जुळला नाही.