डेलॉसवर कोणी मरत नसे

मुलीची कॉलेजची परीक्षा जवळ आली होती. ती माझ्या वडिलांच्या खाटेशी बसून इतिहास मोठ्याने वाचायची. वडील एसटीत ड्रायव्हर होते. डॉक्टरांनी "आता घरीच ठेवा" म्हटल्यावर त्यांनी गावी, हिर्डोशीला, जायला नकार दिला. भोरच्या आमच्या भाड्याच्या घरात डेपोचा आवाज येई. त्यावरून कुठली गाडी सुटली ते सांगत पडून राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या दिवशी ग्रीसमधलं डेलॉस बेट चाललं होतं. लांबी पाच किलोमीटर, रुंदी सव्वा.

"दोन ष्टाप बी न्हाईत," वडील म्हणाले.

देवाचा जन्म तिथला. म्हणून पुढे नियम झाला की माणसाने तिथे जन्मायचं नाही, मरायचंही नाही. दिवस भरलेल्या बायका आणि शेवटाला आलेली माणसं होडीने समोरच्या बेटावर नेत.

"मग गाव कुणाचं म्हणायचं?"

"तिथं राहणाऱ्यांचं, आबा."

"जल्म न्हाई, मरान न्हाई. समदी भाडेकरूच की."

संध्याकाळी घरमालक वर आले. खाली त्यांचं किराणा दुकान आहे. त्यांनी चहा निवू दिला. मग मला म्हणाले, "दादा, राग मानू नका. उद्यापासून पंचक लागतंय."

पंचकात घरात कोणी गेलं तर घर काही महिने बंद ठेवायचं, हे आम्हीही मानत आलो. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

आतून वडील म्हणाले, "त्याचं दुकान कशापायी बंद पाडता? लावा होडी."

"आबा, ते परीक्षेपुरतं होतं," मुलगी म्हणाली.

"मंग पाठ झालं का न्हाई?"

सकाळी जीप केली. घरमालकांनीच पायांकडून उचललं. धरणाच्या कडेने जाताना वडिलांचे डोळे मिटलेले होते. वळण आलं की उजवा पाय थोडा दाबला जाई.

हिर्डोशीला गाड्या कमी. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "यष्टी आली का?"

मी घड्याळ पाहिलं. "अजून वेळ आहे."

एसटी आली तेव्हा ते गेलेले होते. पंचक म्हणून सोबत दर्भाचे पाच पुतळे जाळले.

तेरावा करून, गावच्या घराला कुलूप लावून भोरला परतलो. दुकान उघडं होतं. वर येऊन हातपाय धुतले. डेपोतून एक गाडी सुटली. कुठली, ते कळलं नाही.