दहा फेऱ्यांचा हिरवा चौकोन

आम्हा तिघा म्हाताऱ्यांचे किस्से सांगायला बसलो तर चहाचं पातेलं तीनदा चढवावं लागेल. मी, परब आणि म्हात्रे. वागळे इस्टेटच्या एकाच कारखान्यात तीस वर्षं घासली, आता कळव्याच्या बागेत चपला घासतो.

सुरुवात म्हात्रेच्या साखरेनं झाली. डॉक्टरनं त्याला तीन महिने दिलेले. रोज बागेच्या दहा फेऱ्या, नाहीतर इन्सुलिनची सुई! म्हात्रे हादरला. "मना सुई नको रं बाबा!"

माझ्या सूनबाईनं मोबाईलवर चौकोनांचा तक्ता केला. ज्यानं त्यानं आपापल्या फोनवरून फेऱ्या भरायच्या. दहा झाल्या की चौकोन हिरवा, कमी पडल्या की लाल. मी म्हटलं, "मी चौथी नापास, मला काय कळतंय?"

"बाबा, रंग कळतात ना?"

विषय संपला!

*

पहिल्याच दिवशी परबानं चाळीस फेऱ्या टाकल्या. मी म्हटलं, "खोटारड्या, तू बाकावरून हललास कधी?"

"अरे मेल्या, बाजारात मासळी आणूक गेलेलो, ता कोण धरतला?"

सूनबाईनं त्याला मासळीचा वेगळा रकाना करून दिला. आयुष्यात कधी लाल झाला नाही तो!

*

मी काय कमी? एकदा घरी येऊन बघतो तर चौकोन लाल. नऊच! डोकंच फिरलं. तसाच लुंगीवर खाली उतरलो आणि बिल्डिंगला चक्कर मारायला लागलो. वॉचमन मागे धावला.

"आजोबा, काय हरवलं?"

"एक फेरी!"

*

महिन्यानं म्हात्रे तक्ता घेऊन डॉक्टरकडे गेला. सोबत आम्ही दोघं. सगळी ओळ हिरवीगार! म्हात्रेची छाती फुगलेली. डॉक्टरनं बोट एका चौकोनावर ठेवलं.

"म्हात्रे, या मंगळवारी तुम्ही पोट बिघडून माझ्याच इथं ॲडमिट होता. दहा फेऱ्या कोणी मारल्या?"

कारखान्यात कोणाला उशीर झाला की दुसऱ्यानं त्याचं कार्ड पंच करायचं, ही आमची जुनी खोड. परबानं सवयीनं म्हात्रेचा चौकोन भरून टाकलेला.

म्हात्रे खाली मान घालून म्हणाला, "परबानं."

"मग सुई परबांना टोचू?"

परब दोन दिवस बागेत फिरकला नाही!

*

त्या दिवसापासून सूनबाईनं कुलूप लावलं. ज्याची ओळ त्यानंच, आपला फोन नंबर घालून भरायची. म्हात्रे मग खरंच चालला. गुडघ्याला पट्टा बांधून, शिव्या देत, पण चालला. शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं त्याच्या दोन्ही बाजूंनी चालायचो, पळून जाऊ नये म्हणून!

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. साखर उतरली. सुई रद्द! म्हात्रेनं दवाखान्यातच मला मिठी मारली, माझा चष्मा वाकला.

डॉक्टर खूश. म्हणाला, "माझंही पोट सुटलंय. मलाही घ्या तुमच्या तक्त्यात."

म्हात्रेनं तिथंच हुकूम सोडला, "सकाळी बरोबर सहाला यायचं!"

दोन दिवस आला. तिसऱ्या दिवशी सहा वाजून गेले तरी पत्ता नाही. म्हात्रेचा फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला.

डॉक्टर हळूच म्हणाला, "म्हात्रे, आज जरा डोळा लागला. माझा फोन नंबर घालून तेवढं माझ्या चौकोनात दहा टाका ना..."

म्हात्रे फेरी मारता मारता थांबला. आमच्याकडे बघितलं. मग अख्खी बाग वळेल असा ओरडला,

"टाकतो की, डाक्टर! पन सुई परबाला टोचायची का तुमाला?"