आज कोणामुळे हरलो?

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. जाण्याआधी नाही आणि आल्यावरही नाही. श्रीलंकेहून येऊन इतके दिवस झाले, तरी पंचवटीच्या बाजारात गिऱ्हाईक मेथीची जुडी उलटीपालटी करत विचारतं, "संगीताबाई, तुम्ही म्हणे भारताकडून क्रिकेट खेळून आलात. खरं का?" मी म्हणते, "नाही, खोटं. जुडी घ्यायची तर घ्या, देठं मोडू नका."

पण पुढे राहवत नाही. एक किस्सा सांगावा, तर त्याच्यामागे दुसरा उभाच असतो. एक जुडी बांधेपर्यंत एक किस्सा होतो, आणि जुड्या तर रोज पाटीभर बांधायच्या असतात. साठणारच. मी चौथीपर्यंत शिकले, म्हणून जसं बोलते तसंच लिहिते. आणि एक सांगून ठेवते, पाणी मी भाजीवर मारते, किश्शावर नाही.

* * *

इंदिरानगरला विद्या मॅडमकडे मी भाजी पोचवते. मॅडम बँकेतून रिटायर झाल्या आणि चाळिशीपुढच्या बायका गोळा करून सकाळी मैदानावर टेनिस बॉलने क्रिकेट खेळायला लागल्या. एकदा मी पाटी डोक्यावर घेऊन बाजूने चालले होते, तर बॉल सरळ माझ्या तोंडावर. एका हाताने पाटी सांभाळली, दुसऱ्या हाताने बॉल धरला. लहानपणी चार भाऊ बॅटिंग-बॉलिंग करायचे आणि मला स्टंपांमागे उभं करायचे, बॉल आणायला. माझ्या वाट्याला आलेलं क्रिकेट एवढंच.

मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून पाटी खाली ठेवून ये."

होता होता चाळिशीपुढच्या बायकांचा भारताचा पहिला संघ निघाला. मॅडम कॅप्टन, मी विकेटकीपर. श्रीलंकेत तीन मॅचेस, त्याही खऱ्या लेदरच्या बॉलने. संघातल्या एकीनेही आधी देशाबाहेर पाय ठेवलेला नव्हता.

घरी इंडिया लिहिलेला टी-शर्ट आणला. नवरा म्हणाला, "मेन रोडला ढिगाने मिळतात असले."

बाजारात सांगितलं, तर समोरचा तानाजी मिरचीवाला म्हणतो, "लंकेला? पंचवटीतून लंकेला गेलेली बाई आजवर एकच."

"तिला उचलून नेलं होतं. मी पासपोर्ट काढून चालले."

"आणि जिंकून येणार?"

"येणार."

"तू एक मॅच जिंकून ये, महिनाभर तुझ्या जुड्या मी बांधतो."

सगळा बाजार हसला. मी हसले नाही.

* * *

मुंबईला विमानतळावर तो पासपोर्ट बघणारा साहेब. तरुण पोरगा.

"कशासाठी चाललात?"

"मॅच आहे."

"बघायला?"

"खेळायला."

त्याने माझ्या मागे मान लांब करून बघितलं. एक जण गुडघ्याला बाम चोळत होती. एक जण कपाळावर ठेवलेला चष्मा पर्समध्ये शोधत होती. तिसरी लाडवांच्या डब्यावर बसली होती. साहेब म्हणाला, "मॅडम, टीम कुठे आहे?"

आमची बॉलर गुरमीत, लुधियानाची. दारात उभी राहिली तर दार दिसत नाही. ती म्हणाली, "भैया, यही टीम है। डरो मत।"

साहेबाला अजून पटेना. मला म्हणाला, "तुम्ही कीपर? बसून दाखवा बरं कसं बसतात ते."

मी तिथेच लायनीत बसले, स्टंपांमागे बसतात तशी. झकास बसले. मग गुडघे धरले आणि उठताच येईना. गुरमीतने काखेत हात घालून गोणी उचलावी तसं मला उभं केलं.

साहेब हसत सुटला. मी म्हटलं, "हसू नका, शिक्का नीट मारा."

आमचे मॅनेजर साळुंखे सर मात्र हसले नाहीत. विमानात बसता बसता म्हणाले, "एक तरी मॅच जिंका बायांनो. तिन्ही हरलात तर हा संघ इथेच बंद, वरून सांगितलंय मला." आणि खिडकीची सीट घेऊन झोपले.

* * *

पहिली मॅच. विद्या मॅडमनी टॉस जिंकला. अंपायरने विचारलं, बॅटिंग की फिल्डिंग. मॅडम म्हणाल्या, "एक मिनिट, विचारून येते." आणि आमच्याकडे आल्या.

झालं. एक म्हणाली, आधी बॅटिंग, नंतर ऊन चढेल. दुसरी म्हणाली, आधी फिल्डिंग, जेवल्यावर पळवणार नाही. तिसरीने नुकताच बाम लावला होता, तिला आधी बसायचं होतं. गुरमीत म्हणाली, "पहले नाश्ता।" साडीच्या दुकानात गठ्ठा उलगडून बसल्यासारख्या आम्ही बसलो. कोणाचंच मन कशावर बसेना.

शेवटी मॅडम उठल्या, पक्कं ठरवून मागे वळल्या. समोरची टीम कंटाळून फिल्डिंगला उभी राहिली होती.

आमचा चहा गार व्हायच्या आत आम्ही सगळ्या आउट.

* * *

हरलो की रात्री जेवणाआधी गुरमीत विचारायची, "आज किसकी वजह से?" जिच्यामुळे हरलो तिने सगळ्यांच्या गरम पाण्याच्या पिशव्या भरायच्या, असा तिने कायदाच केला होता. पहिल्या मॅचनंतर तिने विचारलं आणि सगळ्या भिंतीकडे बघायला लागल्या.

तेवढ्यात कोपऱ्यातून शोभा म्हणाली, "माझ्यामुळं हारलो. जेवून घ्या, भात गार व्हतोय."

शोभा विंचूरची. कांद्याच्या खळ्यावर कांदे निवडायला बसते. चांगला कांदा क्रेटमध्ये, खराब कांदा मागे. मी म्हटलं, "अगं, तू बारावी होतीस. तू मैदानात उतरलीच नाहीस."

"मंग पाणी उशिरा आणलं आसंल."

पुढे सवयच झाली. गुरमीतचा एक बूट हरवला, शोभा म्हणाली माझ्यामुळं. हॉटेलचा पंखा बंद पडला, माझ्यामुळं. भर उन्हात पाऊस आला, तर म्हणते, "माझंच चुकलं, मी कपडे वाळत घातले."

* * *

परदेशात गेलं तरी मला सकाळी बाजार बघितल्याशिवाय चैन पडत नाही. दुसऱ्या मॅचच्या आदल्या दिवशी तिथला भाजीबाजार बघायला गेले. एक बाई पाल्याच्या जुड्या लावून बसलेली. तोंड ओळखीचं वाटलं. बघते तर त्यांच्या टीमची कुमारी. पहिल्या मॅचला आम्हाला धू धू धुतलं होतं ती. तिला माझी भाषा येईना, मला तिची. पण जुडी हातात घेऊन मी असं तोंड केलं की तिला कळलं, ही धंद्यातली आहे.

दुसऱ्या दिवशी मॅचमध्ये ती पुन्हा धुवायला लागली. थांबेचना. एक बॉल तिच्या बॅटला चुकून माझ्या हातात आला. मी तो हातातच ठेवला आणि खुणेने विचारलं, बाई, तुझं शेत कुठे?

ती खूश. बॅट काखेत मारली, दोन पावलं पुढे गेली आणि नारळीच्या झाडांपलीकडे बोट करून दाखवायला लागली. मी स्टंप उडवले.

अंपायरने बोट वर केलं. विद्या मॅडम पळत आल्या. "संगीता, तिला परत बोलावू. बरं दिसत नाही हे."

"मॅडम, बोलता बोलता तिची नजर काट्यावरून हलली. माझं काय चुकलं?"

कुमारी स्वतःच हसत निघून गेली. संध्याकाळी मात्र हॉटेलवर आली, माझ्यासाठी पाल्याची ही एवढी जुडी घेऊन. मी आपली सगळ्यांना दाखवत फिरले, बघा, मन किती मोठं. मग जुडी सोडली. वरून पाला ताजा, आत सगळी देठं.

हिशेब चुकता.

* * *

त्या दिवशी कुमारी आउट होऊन गेल्यावर मॅच आमच्या हातात होती. शेवटचं षटक चाललेलं. कोणाची तरी पाठ धरली होती म्हणून त्या दिवशी शोभा मैदानात होती, लांब दोरीपाशी. बॉल तिच्याकडे गेला. तिने वाकून नीट उचलला. आम्ही ओरडतोय, फेक, फेक.

शोभाने बॉल अंगठ्याने दाबला. खेळून खेळून तो बॉल मऊ पडला होता. तिने पुन्हा एकदा दाबला, तोंड वाकडं केलं आणि बॉल मागे टाकून दिला. दोरीपलीकडे.

समोरच्या दोघी पळायच्या थांबल्या. त्यांनाही कळेना. अंपायरने चौकार दिला आणि आम्ही हरलो.

आयुष्यभर हात जे करत आला तेच त्याने केलं. शोभाला स्वतःला कळलं तेव्हा ती मटकन खाली बसली.

त्या रात्री गुरमीतने विचारलंच नाही. न केलेल्या चुका रोज अंगावर घेणारी बाई, खरी चूक झाली त्या दिवशी मुकी झाली. ताट पुढ्यात तसंच. साळुंखे सर तेवढ्यात म्हणाले, "काय बाई आहे. संघ बुडवला हिने."

मी म्हटलं, "सर, बॉल खराब होता. खराब माल बाजूलाच टाकतात. तुम्ही वाढून घ्या."

सरांनी वाढून घेतलं. शोभाच्या ताटात मी वरणभात कालवला आणि ती जेवेपर्यंत समोर बसून राहिले.

* * *

शोभाच्या बॅटिंगचंही सांगायला हवं. तिच्या बॅटला लागलेला बॉल कधी खेळपट्टीच्या बाहेर गेला नाही. क्रेटमध्ये कांदा ठेवावा तसा अलगद ठेवायची. प्रॅक्टिसला मॅडमनी समजावून बघितलं.

"शोभा, बॅट फिरव की जोरात."

"आन् लागलं कोणाला तर?"

"मैदानात कोण आहे लागायला?"

"काही फुटलं तर? परक्याचा मुलूख हाय. भरून कोण देईल?"

मॅडमनी हात टेकले. पाठ धरलेली अजून उठली नव्हती म्हणून तिसऱ्या मॅचला शोभाला घ्यावंच लागलं, पण शेवटच्या नंबरवर टाकलं, म्हणजे तिची पाळीच येऊ नये.

* * *

तिसरी मॅच. ही हरलो की संघ बंद. सकाळी कोणी बाम लावला नाही, कोणी चष्मा शोधला नाही. टॉस त्यांनी जिंकला, त्यामुळे आमचं भांडणही झालं नाही.

साळुंखे सरांनी मात्र सगळं ठरवून टाकलं होतं. आमच्या बॅगा बसमध्ये भरल्या, ड्रायव्हरला सांगून बस मैदानाच्या दोरीला चिकटून उभी केली, झाडाच्या सावलीत. म्हणाले, "तुमचं लवकर आटपेल. लगेच निघू, जाता जाता समुद्र बघू." आणि बसच्या मागच्या सीटवर जाऊन आडवे झाले.

आटपलं नाही लवकर. गुरमीतने त्यांना रडवलं. कुमारीला मी पुन्हा खुणेने विचारलं, घरी पोरं किती? तिने क्रीजमध्ये पाय रोवूनच जीभ दाखवली आणि पुढच्याच बॉलला उडवून कॅच दिला. मॅडम आमच्याकडून टिच्चून खेळल्या. मी खेळले. बाकीच्या येत-जात राहिल्या. मॅडमही गेल्या.

शेवटचा बॉल. तीन रन हवे. एका टोकाला मी. समोर बॉल खेळायला कोण, तर शोभा.

मी चालत तिच्याकडे गेले. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"ताई, माझ्यामुळं परत हारणार."

"हारलो तर हारलो. बॅट फिरव."

"लागलं कोणाला तर?"

"लागू दे."

"फुटलं काही तर?"

"माझं नाव सांगेन. मी फोडलं म्हणेन. शपथ. पण आज ठेवू नकोस शोभा, आज फेक."

मी माझ्या टोकाला आले. बॉल पडला. शोभाने डोळे मिटले. मी बघितलंय, मिटलेच होते. आणि आयुष्यभराचे सगळे खराब कांदे एका फटक्यात मागे टाकावेत तशी बॅट फिरवली.

आवाज दोन आले. पहिला बॅटचा. दुसरा बऱ्याच वेळाने, दोरीपलीकडून.

सिक्सर. मॅच आमची. तानाजी, ऐकतोस ना? हात थांबवू नकोस, जुडी बांध.

मॅडम चप्पल सोडून पळत सुटल्या. गुरमीत रडत होती आणि रडता रडता भांगडा करत होती. कुमारीने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की अजून दुखतंय.

तेवढ्यात बसचं दार उघडलं. पुढची काच साफ गेली होती, आत सीटवर काचांचा सडा, त्यात आमचा बॉल. बिचारा ड्रायव्हर डोक्याला हात लावून बाहेर उभा. आणि साळुंखे सर झोपेतून उठून, एका पायात बूट, तणतणत उतरले. मॅच काय झाली त्यांना पत्ताच नव्हता.

"काय केलंत हे? कोण आहे? कोणामुळे झालं हे सगळं?"

शोभा माझ्या पाठीमागे, बॅट पदरात लपवावी तशी टी-शर्टखाली धरून. माझी बाही ओढत कुजबुजली, "ताई, तुझं नाव सांग ना. तू कबूल केलं व्हतं."

केलं होतं. शपथ घेतली होती.

सर पुन्हा ओरडले, "नाव सांगा मला. कोणामुळे?"

मग मी तो आवाज लावला, ज्या आवाजाने मी रोज पंचवटीला आमच्या गंगेच्या ह्या काठावर भाजी विकते आणि पलीकडच्या काठावरचं गिऱ्हाईक वळून बघतं.

"शोभा दत्तू गांगुर्डे, मुक्काम पोस्ट विंचूर."