शिव्यांनी वाचवलेलं पान

मंडळी, आज पार दमलोय.

गाव सोडून पनवेलला गाडी चालवतो. ज्यांची गाडी चालवतो त्या आमच्या मॅडम एका सॉफ्टवेअरवर ठरवतात, कर्नाळ्याच्या बाजूचं कुठलं रान आधी वाचवायचं. त्या सॉफ्टवेअरवर मी नेटवरच्या ज्ञानकोशात पान लिहिलं. नववी नापास माणसाचं पहिलंच लिखाण!

तिथला संपादक म्हणाला, "पान काढून टाकतोय. बाहेरच्या कुणी या सॉफ्टवेअरबद्दल लिहिलंय का? दाखवा."

शोधून डोळे दुखले. मॅडम हसल्या, "अरे बाबा, आमच्याबद्दल कोण लिहिणार?"

शेवटी आज एका पेपरात मोठी बातमी सापडली. रान वाचवण्यात प्लॉट अडकलेला एक बिल्डर त्यात ओरडत होता, "या सॉफ्टवेअरनं वाट लावली आमची!"

तीच बातमी पुरावा म्हणून पानाला जोडली. पान राहिलं.

चांगल्या कामाची दखल घ्यायला आधी कुणाला तरी झोंबावंच लागतं का हो?