दोन टाचांवरचं ऊन

खोटं कशाला बोलू, मी जळलो. तेही एकोणीस वर्षांच्या पोरीवर, आणि ती माझीच विद्यार्थिनी.

मी कोल्हापुरात चित्रकलेच्या कॉलेजात जलरंग शिकवतो. चित्रात जे महत्त्वाचं, त्याला उजेडानं उठाव कसा द्यायचा, हा माझा हातखंडा विषय. वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायच्या, एकच दार किलकिलं ठेवायचं आणि पोरांवर ओरडायचं, "डोळे बारीक करून बघा! ऊन दिसतंय तिथं रंग लावू नका. जलरंगात पांढरं लावायचं नसतं, राखायचं असतं. कागद एकदा झाकला की गेला उजेड, मग बसा बोंबलत!" वीस वर्षं हेच चाललंय. नियमही ठरलेला. उजेडाची जागा एकच, आणि माणूस असेल तर ती चेहऱ्यावर.

आमच्या वार्षिक प्रदर्शनात शिक्षकांची चित्रं पोरांच्या शेजारीच लागतात. मी तीन महिने खपून मंडईतली लिंबंवाली रंगवली होती. तिच्या चेहऱ्यावर उजेड, लिंबांवर उजेड, मागच्या भिंतीवरही उजेड. स्वतःचाच नियम मोडून सगळीकडं झगमगाट, लग्नाच्या मांडवागत. मला मात्र लई भारी वाटत होतं.

प्रदर्शनाच्या आधी चार दिवस ही पोरगी चित्र घेऊन आली. राधानगरीकडची, घरात म्हशी. चित्रात गोठा होता. तिची आई पाठमोरी, उकिडवी बसून धार काढतेय. सगळं काळपट, तपकिरी. दारातनं आत आलेलं ऊन फक्त आईच्या दोन टाचांवर पडलंय. भेगाळलेल्या टाचा, आणि तेवढाच कोरा कागद राखलेला. बास.

असलं पांढरं मला जन्मात राखता आलं नव्हतं. हिला शिकवलं कुणी? मीच ना! मग मला का येत नाही? आणि हे माझ्या लिंबंवालीच्या शेजारी लागणार?

"चेहरा कुठाय?" मी खेकसलो.

"दारातनं आईचं तोंड दिसतच न्हाय की, सर. टाचाच दिसत्यात."

"आणि उजेड दोन ठिकाणी? काय शिकवलंय मी? डावी टाच झाक."

दोन टाचा मिळून जागा एकच होते, हे मला कळत होतं. चांगलं कळत होतं. तिनं एकदा चित्राकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"झाकू, सर?"

"मग काय पूजा घालतीस तिची?"

तिनं ब्रश तपकिरी रंगात बुडवला आणि टाचेवर फिरवला. रंग ओला होता तोवर तिला थांबवून टिपकागदानं रंग उचलता आला असता. मी हाताची घडी घालून उभा राहिलो. आत कुठंतरी गार वाटलं. लाज वाटली ती घरी गेल्यावर, जेवताना. बायको म्हणाली, आज भाकरी नको का? मी म्हटलं, नको.

प्रदर्शनाला परीक्षक म्हणून एक म्हातारे चित्रकार आले होते. माझ्या लिंबंवालीसमोरून ते न थांबता पुढं गेले. गोठ्यासमोर मात्र बराच वेळ उभे राहिले. "फर्स्ट क्लास काम आहे," ते म्हणाले, "पण इथं डाव्या पायाशी रंग मळलाय. घाई केली पोरीनं." पहिलं बक्षीस दुसऱ्याच कुणाला गेलं.

दुपारी तिची आई आली. राधानगरीहून एसटीनं, इरकली साडी नेसून. आपलंच चित्र बघून आधी लाजली, मग जवळ जाऊन न्याहाळायला लागली.

"ही टाच गं अंधारात का? ऊन काय एकाच पायावर पडतंय व्हय?"

"सरांनी सांगितलं, आई. उजेड एकाच जागी ठेवायचा असतोय."

आईनं माझ्याकडं वळून पदर डोक्यावर सारखा केला. "मग बराबरच आसंल. आमास्नी काय कळतंय त्यातलं. लक्ष असू द्या पोरीवर, सर."

"असतंच की," मी म्हणालो. खरं सांगायचं सोडून चहा सांगायच्या निमित्तानं तिथनं सटकलो.

पुढच्या सोमवारी पोरीनं नवं चित्र आणलं. पुन्हा गोठा, पुन्हा आई. या वेळी आई समोर तोंड करून बसलेली, आणि ऊन नेमकं चेहऱ्याच्या मधोमध. बाकी कुठं म्हणून कोरा कागद नाही.

"आता आलंय न्हवं बराबर, सर?" ती म्हणाली. खूश होती.

मी चित्र हातात घेऊन खिडकीशी गेलो. डोळे बारीक करून बघितलं. नियमाप्रमाणं सगळं जागच्या जागी होतं. जळावं असं त्यात काहीच उरलं नव्हतं.