खंडेनवमीला खोललेले ब्रेक

मोटरसायकलचे ब्रेक खोलून, साफ करून परत बसवणे हे एका सुट्टीत उरकणारे काम आहे. अट एवढीच, की घरातल्या कुणी त्यात मदत करू नये.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही कासार आंबोलीत राहत होतो आणि मी रोज पुण्याला कारखान्यात जात असे. तिथले स्टोअर माझ्याकडे होते. नट, बोल्ट, वॉशर सगळे आपापल्या खणात, खणावर चिठ्ठी. घरीही मला तसेच आवडे आणि घरी ते कुणालाच आवडत नसे. गाडी जुनी, दुसऱ्याने वापरून सोडलेली. पावसाळाभर पौड रस्त्याचा चिखल खाऊन तिचे ब्रेक त्या वर्षी पार गेले होते. पेडल दाबले की गाडी थांबत नसे, नुसती किंचाळत असे.

एरवी मी दिवाळीपर्यंत रेटले असते. पण मामाचा निरोप आला. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, धरणाच्या पलीकडे राहणारा. गणपतीपासून तो अंथरुणावर होता. निरोप आणणारा माणूस दारातूनच म्हणाला, "म्हातारा म्हणतोय, ह्या दसऱ्याला सोनं बहिणीच्या हातचं घेणार. पुढच्या दसऱ्याचं काय खरं न्हाई." आईने आत जाऊन पिशवी भरायला घेतली. दसरा अजून आठवडाभर लांब होता.

मामाच्या गावात एसटी जात नसे. मोठ्या रस्त्यावर उतरून पुढे डोंगर उतरावा लागे आणि आईचे गुडघे त्या कामाचे राहिले नव्हते. म्हणजे गाडी काढायची. आणि त्या उतारावर गाडी काढायची म्हणजे ब्रेक हवेत.

मी बेत आखला. अष्टमीला दोन्ही चाके काढून ब्रेक साफ करायचे, नवमीला बसवायचे, दसऱ्याला निघायचे. अष्टमीचे काम बेताप्रमाणे झाले. चाकांच्या ड्रममध्ये काळी पूड आणि चिखल यांची वडी जमली होती, ती खरवडली. ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे दोन-दोन शू असतात; ते दाबणारा कॅम गंजून जाम झाला होता, तो रॉकेलमध्ये बुडवून, ठोकून सोडवला, त्याला बोटाच्या टोकाएवढे ग्रीस लावले. जास्त लावले तर ते शूवर उतरते आणि ब्रेक लागत नाही, म्हणून एवढी काळजी. जुन्या शूंचे लायनर, म्हणजे घासणारे अस्तर, रिव्हेटपर्यंत झिजले होते. या गाडीचे नवे शू मिळवायला मी पुण्यातली दुकाने पालथी घातली होती. ते चारही शू, स्प्रिंगा, पाने, सगळे ओसरीवर गोणपाटावर क्रमाने मांडले आणि झोपलो.

नवमीला सकाळी ब्रेकची केबल आणायला एसटीने पौडला गेलो. परत येऊन बघतो तर गोणपाट रिकामे. देवासमोर पाट मांडलेला. पाटावर कोयता, विळा, खुरपे, माझे सगळे पाने, आणि मधोमध चार ब्रेक शू. हळद, कुंकू, झेंडूची फुले. आणि शू चमकत होते. ब्रेकचा शू कधी चमकत नसतो.

"आई, हे काय केलंस?"

"आज खंडेनवमी न्हाई का? हत्यारं पुजली."

"शूला काय लावलंस?"

"गोडंतेल. कोरडं ठणठणीत पडलं व्हतं बिचारं. कोयत्याला लावलं, फाळाला लावलं, मग ह्यालाच का न्हाई? चांगलं चोळचोळून लावलंय, दोनी बाजूंनी."

"अगं, त्याला तेल लागलं तर गाडी थांबणार कशी?"

"थांबाया कशाला पायजे? आपल्याला मामाकडं जायाचंय."

स्वयंपाकघरात बायको हसत होती. "नशीब समजा," ती आतूनच म्हणाली, "नारळ चाकावर फोडत होत्या, मी उंबऱ्यावर फोडायला लावला."

मी शू उचलायला वाकलो तर आईने हात धरला. पुजलेले हत्यार त्या दिवशी वापरायचे नाही, दसऱ्याची पूजा झाली की मग. गावात कुणी त्या दिवशी साधा विळासुद्धा हातात घेत नसे. हे मला लहानपणापासून माहीत होते आणि माझ्या बेतात ते कुठेच नव्हते. तिकडे तेल लायनरमध्ये मुरत होते.

मी तिरमिरीत पुन्हा पौडला गेलो. तिथे गॅरेजवाले चाचा होते. त्यांचे गॅरेज उघडे होते, म्हणून बरे वाटले.

"चाचा, चौदाचा पाना द्या आणि कुठल्याही गाडीचे जुने शू असतील तर दाखवा."

"आज पाना न्हाई मिळायचा."

"तुमची कसली खंडेनवमी, चाचा?"

"माझी नसंल, पान्यांची हाय," चाचा म्हणाले. त्यांच्या फळीवरही झेंडू होता. "समोरच्या आक्का सकाळीच हळदकुकू लावून गेल्या. वडिलांच्या टायमालाबी हितं आज कामाला हात लागत नव्हता. मी आज गाडी खोलली आन उद्या ती रस्त्यात बंद पडली, तर अख्खं पौड मला बोल लावंल. बसा, चा घ्या."

मी चहा घेतला. दुसरे करण्यासारखे काही नव्हते.

दसऱ्याला सकाळी आईने एकेका हत्यारावर फूल वाहून, सावकाश आरती करून शू माझ्या ताब्यात दिले. मी ते पेट्रोलने धुतले, पॉलिश पेपरने घासले, पुन्हा धुतले. लायनर वरून कोरडे दिसायचे आणि उन्हात ठेवले की आतून तेल पाझरायचे. दुपारपर्यंत हेच. शेवटी बसवले आणि वाडीतल्या रस्त्यावर चालवून बघितले. थांबायचे होते आमच्या दारात, थांबलो शेजाऱ्यांच्या उकिरड्यात.

"आई, आज जमणार नाही."

आई पिशवी घेऊन, नवे लुगडे नेसून ओसरीच्या कडेला बसली होती. "तू नगं येऊ," ती म्हणाली. "मी जाते चालत." आणि ती खरेच उठली. मग काय करणार?

सपाट रस्त्याला मी हळू, गिअरवर गाडी सांभाळत नेली. डोंगराच्या माथ्यावर मात्र तिला उतरवले. एकटा असलो तर पहिल्या गिअरमध्ये गाडी आवरेल, मागे तुझे वजन नको, असे सांगितले.

"चालायाचंच व्हतं तर तुझी गाडी कशाला?"

"तेल कुणी लावलं?"

"बरं, बरं. मी मागनं धरते." आणि तिने कॅरिअर धरले, बैलगाडी आवरावी तसे. मी सोड म्हणून ओरडत होतो, ती ओढत होती, आणि मी दोन्ही पाय घासत उतरत होतो. प्रत्येक वळणावर ती दगडावर बसायची, गुडघे चोळायची आणि मला म्हणायची, "चल की, थांबलास का?"

पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मामाला भिंतीला टेकवून बसवले होते. वाट बघून त्याचे डोळे दारालाच लागलेले.

"दिवस बुडाला की गं," तो म्हणाला. "कुटं व्हतीस?"

"ह्याच्या गाडीला बिरेक न्हाईत."

पुढचे मी सांगणार होतो. पण आई पाया पडायला वाकायला लागली, तिला वाकता येईना, आणि मामा म्हणाला, "ऱ्हाऊ दे, हितं बस." तिने आपट्याची पाने त्याच्या हातात दिली. त्याने पानांसकट तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. मी गाडी बघायला बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी आईचे दोन्ही गुडघे टम्म सुजले होते. चढाला ब्रेक लागत नाहीत, हे मी तिला दोनदा समजावून सांगितले.

"त्या गाडीवर मी आता बसत न्हाई. तू जा. रविवारी माझी लुगडी घेऊन ये."

मग दर रविवारी मी सामान पोचवू लागलो. लुगडी नेली तर चष्मा राहिलेला असे, चष्मा नेला तर तो मोडका निघे. पुन्हा दुसरे नवे शू मिळवून केव्हाच बसवले होते, पण गुडघे उतरले तरी परत यायचे नाव ती काढत नव्हती. मी वैतागून विचारले, तर मामाच्या पेजेत दुसऱ्या कुणाच्या हातून काही कमी-जास्त होईल असे सांगे आणि चुलीकडे वळे.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मामा गेला. सकाळची पेज आईने पाजली, तोंड पुसले, आणि तो तिच्या हातावरच गेला. मी त्या वेळी पौडच्या बाजारात तिने सांगितलेली तपकीर शोधत होतो.