फेस बसू दे की!

वजनमापं तपासणारे सरकारी साहेब संध्याकाळी आमच्यासारखेच कट्ट्यावर दूध प्यायला यायचे. कळंब्याचा गवळी समोरच म्हशीची धार काढायचा. आम्ही फेसासकट पेला तोंडाला लावायचो. साहेब मात्र पेला खाली ठेवून म्हणायचे, "फेस बसू दे की."

एकदा गंमत म्हणून आम्हीही सगळ्यांनी पेले ठेवले. फेस बसला आणि बघतो तर काय, आमचं दूध बोटभर खाली! साहेबांचा पेला तेवढा काठोकाठ.

साहेब तांबडेलाल झाले. "मला एकट्याला भरून देतोस व्हय? आदी ह्यास्नी भर!"

गवळ्यानं पुन्हा धार काढून सगळे पेले भरले. आम्ही आनंदानं ओरडतच ते उचलले.

"थांबा!" साहेब गरजले. "फेस बसू दे की!"